एकतीस हातांची कार्डं

शुक्रवारी अकरा वाजता समितीपुढे कात्रीला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो ती बोलणार नव्हती.

बालगृहाचा नियमच तसा होता. दहा वर्षांवरच्या मुलाला कुणाच्या घरी पाठवायचं, तर त्याने समितीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने "जातो" किंवा "जाते" म्हणायचं. कुणी ढकलायचं नाही, कुणी शिकवायचं नाही. नाही म्हटलं की फाइल बंद, आणि एकदा बंद झालेली फाइल पुन्हा उघडल्याचं या बालगृहात कुणी पाहिलेलं नव्हतं. कात्री अकरा वर्षांची होती. तिला न्यायला तिची मावशी आली होती, सख्खी, आईची धाकटी बहीण. शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी, दोन खोल्यांत एकटी राहणारी. मागच्या महिन्यात दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा कात्रीने मान हलवली ती आडवीच.

"बाई, आता तुम्हीच काय ते बघा," सोमवारी सकाळी अधीक्षिका मॅडम हस्तकलेच्या बाईंना म्हणाल्या. "माझ्यापुढे नुसती भिंतीसारखी उभी राहते. तुमचं ऐकेल."

"बोलून बघते."

"बघते नाही, कराच. बाप येणार आहे म्हणते. दर नाताळाला न चुकता कार्ड येतं म्हणे त्याचं. कार्ड धाडायला बरं सुचतं मेल्याला! स्वतः यायला काय पाय मोडलेत?"

बाईंनी कप बशीत ठेवला तो बशीच्या कडेवरच पडला. चहा टेबलावर सांडला. मॅडमना वाटलं, वयाचा हात आहे, कापायचाच.

हात वयाचा होता हे खरं. पण कार्डंही त्याच हातची होती.

चाळीस वर्षं एका मोठ्या शाळेत हस्तकला शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि या बालगृहात आल्या, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. पहिल्याच नाताळात त्यांनी एक गोष्ट पाहिली. टपालवाला आला की चाळीस मुलं फाटकाशी धावत, आणि आठ-नऊ जण काहीतरी घेऊन परतत. बाकीची एकतीस तिथेच घुटमळत. मग कुणी बुटाची नाडी बांधायला वाकायचं, कुणी उगाच झाडाला लाथ मारायचं. "मला नकोच होतं" हे मुलं किती तऱ्हांनी म्हणू शकतात, ते बाईंनी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या वर्षापासून त्या एकतीस जणांनाही कार्डं येऊ लागली.

ते काम सोपं नव्हतं आणि एका महिन्याचंही नव्हतं. जानेवारीत कागद. जाड पांढरा कागद बाई स्वतः कापत, शाई न भरलेल्या पेनाने घडीची रेघ ओढत, आणि मग चमच्याच्या पाठीने ती घडी घोटत, अशी की कार्ड उघडताना कुरकुर ऐकू येऊ नये. उन्हाळ्यात पानं आणि बारकी फुलं वहीत दाबायची. ओल्या दिवसांत चिकटवायचं नाही, खळीला बुरशी येते. तेव्हा फक्त रंग. खळ घालायची ती पुन्हा कोरडी हवा आली की. हेच सगळं वर्गात मुलांकडूनही करून घ्यायचं, कारण प्रत्येक मूल वर्षभरात एक कार्ड करायचं, आपल्या माणसासाठी. "घाई कुणाला आहे?" बाई विचारायच्या. "कुणालाच नाही!" मुलं ओरडायची. ज्यांच्या माणसांचा पत्ता नव्हता ती आपली कार्डं बाईंकडे द्यायची. "मी पाठवते, पत्ता आहे माझ्याकडे," असं बाई म्हणायच्या, आणि ती कार्डं त्यांच्या खाटेखालच्या पेटीत जायची.

सगळ्यात अवघड होतं अक्षर. बाईंनी फायली चाळून प्रत्येक मुलाचं एकेक माणूस शोधलं होतं. कुणाची आजी, कुणाचा काका, कुणाची थोरली बहीण. एका माणसाचं अक्षर दुसऱ्यासारखं दिसून चालणार नव्हतं. पण चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला अक्षरांची काय कमी! आजीचं अक्षर डाव्या हाताने. काकाचं घाईचं, मात्रा उडालेलं. बहिणीचं गोल, टिंबांच्या जागी ठिपक्याएवढी वर्तुळं. एका निळ्या वहीत त्यांनी एकतीस हात बसवले होते, आणि दर ओल्या महिन्यात त्या ते गिरवत. कात्रीच्या बाबांचं अक्षर त्यात सगळ्यांत देखणं होतं. सरळ, ठाम, ओळ न सोडणारं.

पहिली दोन वर्षं बाबा फक्त "आशीर्वाद" लिहायचे. पण कात्री आपल्या प्रत्येक कार्डात विचारायची, "कधी येणार?" तिला सहाव्या वर्षी बापानेच आणून सोडलं होतं, काम मिळालं की नेतो असं सांगून. तिसऱ्या वर्षी बाईंच्याने राहवेना. त्यांनी लिहिलं, "लवकरच येतो." दोनच शब्द. गेल्या वर्षी आणखी दोन, "वाट बघ."

आणि ती वाट बघत होती.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. थांबवायची गरजही नव्हती. कात्री नेहमीच मागे राहायची. नाव तिला मुलांनीच ठेवलेलं. रेघ न आखता ती असा चांद कापायची की कंपासने मोजून घ्यावा. जीभही तशीच चालायची.

"मावशी कशी वाटते गं तुला?"

"चांगली आहे. फार बोलते."

"तू काय मुकी आहेस?"

कात्री हसली, पण कातरकाम थांबवलं नाही. "बाई, मला माहितीये तुम्हाला मॅडमनी सांगितलंय ते."

"सांगितलंय तर सांगितलंय. का नाही जायचं तुला?"

"मी गेले आणि बाबा आले तर?"

"तर मॅडम पत्ता देतील मावशीचा."

"मॅडम?" कात्रीने भुवया उंचावल्या. "परवा त्यांचा चष्मा त्यांच्या डोक्यावर होता, आणि अख्ख्या बालगृहाला शोधायला लावला. त्या पत्ता देणार! बाबा एवढ्या लांबून येणार, फाटकात विचारणार, आणि कुणीतरी म्हणणार, गेली ती. मग ते परत जातील. माझे बाबा भिडस्त आहेत, त्यांच्या अक्षरावरून कळतं."

"अक्षरावरून?"

"हो मग. एकही खाडाखोड नाही. आणि घडी बघितलीत का त्यांच्या कार्डाची? आपल्यासारखीच घोटलेली असते. इथे कुणी शिकवायच्या आधीपासून माझा हात सरळ चालतो, तो उगीच नाही." तिने कापलेला चांद खिडकीच्या उजेडात धरला. "माझा हात बाबांवर गेलाय."

बाईंना बोलायचं होतं ते सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं, आणि समोर ते पोर आपल्या हाताकडे असं बघत होतं, जणू तो कुणी भेट म्हणून दिलाय.

त्या रिकाम्या वर्गात बाई बराच वेळ बसून राहिल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. खरं सांगावं, तर कात्री इथून तिथून उखडली जाणार; तिने एवढी वर्षं ज्या कार्डांवर काढली तीच खोटी म्हटल्यावर ती मावशीवर तरी का विश्वास ठेवेल? न सांगावं, तर शुक्रवारी ती मान आडवी हलवणार, मावशी परत जाणार, आणि ही मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत फाटकाकडे बघत राहणार. ज्याने लिहिलं नव्हतं त्याच्यासाठी. आणि ते सगळं बाईंच्या हाताने.

मग त्यांना तो विचार सुचला. बुडत्याला काडी दिसते तसा. ज्या हाताने तिला बांधलं, त्याच हाताने सोडवायचं. बाबांचंच एक कार्ड. शेवटचं.

जे काम त्या वर्षभर पुरवून करत, ते त्यांनी एका दुपारी उरकलं. कागद होताच, घडी होतीच. दाबलेलं पान चिकटवलं, आणि खळ वाळायला चार दिवस नव्हते म्हणून वरून कागद ठेवून इस्त्री फिरवली. पानाचा कडेचा भाग करपला. दुसरं घेतलं. घाईत "बाबा" मधला काना तिरका गेला, आणि तेही कार्ड फाडलं. तिसऱ्यावर जमलं. "मी लांबच्या कामावर आहे. तिथून यायला वेळ लागेल. तू मावशीकडे जा. मी तिकडेच येईन. बाबा."

मी तिकडेच येईन. लिहून झाल्यावर बाईंनी ते वाचलं, आणि त्यांना कळलं की आपण पुन्हा तेच केलंय. पण त्यांनी पाकीट बंद केलं.

टपालवाल्याला त्यांनी बुधवारी सकाळी नाक्यावर गाठलं. तो दरवर्षी ही कार्डं पिशवीतून घेऊन यायचा, सगळं त्याला ठाऊक होतं.

"या वर्षी लवकर, बाई? नाताळाला अजून दोन आठवडे आहेत."

"एकच आहे. उद्या सकाळी दे."

त्याने पाकीट उलटसुलट केलं. "माझी बायको म्हणते, बाईंना स्वर्गात थेट जागा. मी म्हणतो, आधी टपालखात्याला तिकिटांचा हिशोब द्यावा लागेल." मग त्यांचा चेहरा बघून त्याने थट्टा गिळली. "देतो, बाई. देतो."

गुरुवारी दहा वाजता कात्री जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत वर्गात आली. "आलं! बाबांचं! आत्ताच!"

मुलांचा घोळका जमला. कुणी म्हणालं, खोटं, अजून नाताळ कुठे आलाय. कात्रीने कार्ड उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग मिटून छातीशी धरलं.

"बाई, मी जाते. मावशीकडे. बाबा तिकडे येणार आहेत." आणि हसत, रडत, एका श्वासात, "अजून खळीचा वास येतोय याला! म्हणजे इथेच कुठेतरी जवळ असतील ना ते? नाही तर वाळली असती."

बाईंनी खिडकी उघडली.

मावशी दुपारी आली. भेटीच्या खोलीत दोन बाकडी आणि एक टेबल होतं. कात्री आधीच तिथे बसली होती, केस विंचरून, कार्ड टेबलावर मधोमध ठेवून. तिने बाईंनाही हाताला धरून आणलं होतं. तिला ही बातमी दोघींसमोर द्यायची होती.

"मावशी, मी उद्या हो म्हणणार आहे!"

मावशीच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने कात्रीला असं जवळ घेतलं की पोर म्हणालं, "अगं, हाडं मोडतील." मग कात्रीने कार्ड तिच्या हातात दिलं. "बाबांनीच सांगितलंय. वाच."

मावशीने वाचलं. आधी ती हसली, थट्टेने कुणीतरी काही केलंय असं वाटून. "हे भाऊजींनी लिहिलं?" आणि मग ते हसू तिथेच विरलं. तिने कार्ड पुन्हा बघितलं, पाकीट बघितलं, त्यावरचा कालचा शिक्का बघितला, आणि सगळ्यात शेवटी बाईंकडे. बाईंची नजर खाली गेली.

"बाळ," मावशी म्हणाली, "मला पाणी आणतेस? अगदी गार आण. थोडा वेळ लागला तरी चालेल."

कात्री गेली. मावशीने दार लोटलं.

"भाऊजींना लिहिता येत नव्हतं," ती हळू म्हणाली. "सहीसुद्धा नाही. पगाराच्या कागदावर अंगठा द्यायचे, आणि त्याची एवढी लाज की खिशात पेन लावून हिंडायचे."

बाई बाकड्याच्या टोकाशी टेकल्या.

"आणि ते गेले. दोन वर्षं झाली, उन्हाळ्यात. मी होते इस्पितळात. पोरीला कुठे ठेवलंय ते नाव त्यांना सांगता येईना. मोठं फाटक आहे, आत झाड आहे, एवढंच म्हणत राहिले. मोठं फाटक आणि आत झाड!" तिने डोळे पुसले. "दोन वर्षं दर सुट्टीला मी फाटकं बघत हिंडले, बाई. आता सापडली, तर म्हटलं, कार्यालयातही नको बोलायला, आधी घरी नेऊ, रुळू दे, मग सांगू. आणि इथे बघते तर मेलेला माणूस परवा पत्र लिहितोय."

"मी लिहिलं," बाई म्हणाल्या. "आजवरची सगळी मीच."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "का हो?"

"फाटकाशी उभी राहायची. बघवत नव्हतं."

मग बाईंनी मावशीचा हात धरला, आणि ज्या बाईने आयुष्यभर मुलांना हात जोडायला लावलं नाही ती स्वतः विनवू लागली. "उद्याचा दिवस जाऊ द्या. उद्या ती हो म्हणणार आहे. एकदा तुमच्या घरी पोचली की सांगा. महिन्याने सांगा. आत्ता सांगितलं तर ती नाही म्हणेल, माझ्यावरच्या रागापायी सगळ्यांनाच नाही म्हणेल. फाइल बंद होईल. मी पाया पडते."

मावशीने हात सोडवून घेतला. "आणि माझ्या खिडकीत उभी राहून ती त्यांची वाट बघेल, ते? मी रोज तिला जेवायला वाढायचं, आणि पोटात हे ठेवायचं? नाही. माझ्या घराची सुरुवात अशी नको. गेली तर गेली फाइल." गेली तर गेली हे ती म्हणत होती खरं, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. "भाऊजी गेले ते मी सांगेन. ते माझं काम. पण कार्डांचं तुम्ही सांगायचं. उद्या अकराच्या आत."

कात्री पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून आली. एक थेंबही सांडला नव्हता.

त्या संध्याकाळी बाईंनी कार्यालयातून कात्रीची फाइल मागून घेतली. पहिलं पान त्यांना पाठ होतं. बापाचं नाव, काम, गाव. शेवटचं पान त्यांनी कधी उलटलंच नव्हतं. चाळीस वर्षं मुलांच्या वहीचं प्रत्येक पान तपासणाऱ्या बाईंनी. त्या पानावर, जिथे पालकाची सही असते तिथे, एक जांभळा अंगठा उमटला होता. जरा फिरलेला, घाबरल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मावशीने कात्रीला अंगणातल्या बाकावर नेलं. बाई वर्गाच्या खिडकीतून बघत होत्या. काही ऐकू येत नव्हतं. कात्री बसली होती ती उठली. पुन्हा बसली. मावशीने खांद्यावर ठेवलेला हात तिने काढून ठेवला, झटकला नाही, उचलून बाकावर ठेवला. मग ती धावतच वर्गात आली.

"बाई, ती खोटारडी आहे! म्हणते बाबा दोन वर्षांपूर्वीच... तुम्हीच सांगा तिला! कालच तर कार्ड आलं! दाखवा ना तिला, वास येतोय खळीचा!"

बाईंनी निळी वही टेबलावर ठेवली, आणि ते पान उघडलं. आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. लवकरच येतो. ओळीच्या ओळी, सरळ, ठाम.

कात्रीने बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. ती हुशार मुलगी होती. तिने वहीचं पान दोन बोटांनी चाचपलं, मग मागचं पान उलटलं, मग पुढचं. आजीचं अक्षर. काकाचं. बहिणीचं. तिचे ओठ हलत होते, ती एकेकाचं नाव घेत होती.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"आणि मी पाठवलेली?"

"माझ्या पेटीत आहेत. एकही टाकलं नाही."

"त्यात मी लिहिलं होतं, थंडीत काम करू नका. दोन वर्षांपूर्वी." ती थांबली. "तेव्हा ते नव्हतेच."

"नव्हते."

बाईंना वाटलं आता ती रडेल, आणि त्या पुढे झाल्या. कात्री मागे सरकली. तिने आपला उजवा हात वर केला, मंगळवारी खिडकीत धरला होता तसाच, आणि त्याच्याकडे बघितलं.

"मग हा कुणावर गेलाय?"

चाळीस वर्षांत बाईंना मुलांनी हजारो प्रश्न विचारले होते. उत्तर येत नसेल तर "शोधू या" म्हणायची त्यांची पद्धत होती. तेही त्यांच्या तोंडून निघेना. "तुझाच आहे तो," त्या शेवटी म्हणाल्या. "चुकलं माझं, बाळ. फार मोठं चुकलं."

"मला बाळ म्हणू नका," कात्री म्हणाली आणि निघून गेली.

दहा वाजले. साडेदहा झाले. कात्री सापडेना. मॅडम वर-खाली करू लागल्या. "अहो, काल तर नाचत होती! काय झालं एका रात्रीत?" मावशी फाटकाजवळ उभी, पदर मुठीत चुरगळून. बाई न्हाणीघरं, कोठी, जिन्याखालची जागा धुंडाळत होत्या, आणि प्रत्येक रिकाम्या कोपऱ्यात त्यांना शुक्रवारचे अकरा दिसत होते. समितीचे साहेब आले, त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

अकराला पाच मिनिटं असताना कात्री आपणहून आली. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. कुठे होती ते कुणी विचारलं नाही.

"बस, बेटा," साहेब म्हणाले. ते बरे गृहस्थ होते, पण त्यांना त्या दिवशी आणखी चार फायली होत्या. "या तुझ्या मावशी. यांच्याकडे राहायला जायचं का तुला?"

कात्रीने टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"घाई नाही. पण हो की नाही, ते सांगावं लागेल."

बाई दाराशी उभ्या होत्या, आत यायचा धीर झाला नव्हता. मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. कात्रीची मान जराशी हलली, आणि बाईंनी डोळे मिटले.

"आधी मला मावशीला एक विचारायचंय."

"विचार की."

"तुला लिहिता येतं?"

मावशी गोंधळली. "येतं. पण घाण येतं. कारखान्यात सगळे हसतात."

"लिही."

"काय लिहू?"

"काही पण. मी बघणारे."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी छताकडे. साहेबांनी आपलं पेन आणि फाइलमधला एक कोरा कागद पुढे सरकवला. कात्री खुर्ची सोडून मावशीच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली, तिचा हात दिसेल अशी.

मावशीने पेन मुठीत धरल्यासारखं धरलं. लिहू लागली. पहिलंच अक्षर मोठं झालं, दुसरं त्याच्या खाली घसरलं, ओळ टेकडी चढल्यासारखी कागदाच्या कोपऱ्याकडे निघाली. एके ठिकाणी खोडलं, पुन्हा लिहिलं, ते आणखी बिघडलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. "कात्री, मला भाजी बरी करता येत नाही. घरात एकच खाट आहे. मी खाली झोपेन." एवढं लिहायला तिला पाच मिनिटं लागली. साहेबांचं घड्याळ टेबलावर टिकटिकत होतं, पण त्यांनी ते उचललं नाही.

कात्रीने कागद घेतला नाही. ती कागदाकडे बघतही नव्हती. सबंध वेळ ती त्या हाताकडे बघत होती, शिलाईच्या सुयांनी बोटं टोचलेल्या, शाईने माखलेल्या.

"फारच घाण आहे," ती म्हणाली.

"सांगितलं होतं ना," मावशी म्हणाली.

"जाते," कात्री साहेबांना म्हणाली.

सामान बांधायला तिला पाव तासही लागला नाही. कार्डं तिने नेली नाहीत, खाटेवर एकावर एक रचून ठेवली, पाचही. फाटकापाशी मुलांनी तिला घेरलं, कुणी मिठी मारली, कुणी तिची कात्री मागितली आणि तिने ती देऊनही टाकली. बाई पायरीवर उभ्या होत्या. कात्री त्यांच्यासमोरून गेली तेव्हा चाल हळू झाली नाही, मान वळली नाही. मावशीने मात्र वळून पाहिलं, आणि मग तीही फाटकाबाहेर गेली.

"जिंकलंत, बाई!" मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना, तुमचंच ऐकेल. काय जादू केलीत?"

बाईंनी आत जाऊन दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या.

"मॅडम, बसा जरा. तुम्हाला काही सांगायचंय. आधी तुम्हाला, मग आज दुपारीच मुलांना."

"कुणाबद्दल?"

"तीस आहेत," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल. दार लावून घ्या."